रविवारच्या थैलीतले पैसे गावाकडच्या चर्चला कसे पोचतात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या एका कॅथलिक धर्मग्रामाच्या (म्हणजे एका चर्चच्या पॅरिशच्या) आर्थिक समितीवर मी काही वर्षं काम करते आहे. नोकरी बँकेच्या कॅश काउंटरवर गेली, त्यामुळे रविवारी मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, अर्पणाच्या थैल्या मोजायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. मोजता मोजता, पायऱ्यांवर, चहाच्या वेळी लोक जे विचारतात तेच प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं माझ्या समजुतीप्रमाणे दिली आहेत. तुमच्या फादरांचं मत थोडं वेगळं असू शकतं.

थैलीत टाकलेले पैसे नेमके जातात कुठे?

बहुतेक सगळे तिथेच राहतात. वीजबिल, माईक, वेदीवरच्या मेणबत्त्या, झाडलोट करणाऱ्या मावशींचा पगार, गळणारं छत. चर्चची इमारत दगडी आणि जुनी असली की डागडुजीला अंत नसतो. लोकांना वाटतं, दर रविवारी पोतं भरून पैसे निघतात. प्रत्यक्षात टेबलावर काय पडतं ते सांगते. चौपदरी घडी घातलेल्या दहाच्या नोटा. त्या घडीतच दडपलेलं पाचाचं नाणं, ते दोनदा मोजलं जातं नाहीतर अजिबात मोजलं जात नाही. एखादी जेलपेनने फोन नंबर लिहिलेली वीसची नोट. नाताळच्या रात्री पाचशेच्या नोटा दिसतात, एरवी कमीच. मोजायला नेहमी किमान दोघं, तीही एका घरातली नकोत. हा नियम आम्ही सोडत नाही.

उरलेल्यातला एक वाटा धर्मप्रांताकडे, म्हणजे एका बिशपांच्या हाताखालच्या सगळ्या धर्मग्रामांच्या प्रांताकडे, जातो. ख्रिस्तसभेच्या कायद्याने, म्हणजे कॅनन लॉच्या 1263 व्या कलमाने, बिशपांना धर्मग्रामांवर त्यांच्या उत्पन्नाच्या मानाने माफक आकारणी करता येते. ज्या धर्मग्रामाचं स्वतःच्या अर्पणावर भागत नाही, त्याला हात मिळतो तो मुख्यतः अशा सामाईक पैशातून. थोडक्यात, तुमच्या दहा रुपयांतले काही पैसे सोलापूरकडच्या एखाद्या चर्चच्या दिवाबत्तीलाही लागत असतील. त्या थैलीवर तसं लिहिलेलं मात्र नसतं.

मग ‘विशेष अर्पण’ म्हणजे काय?

वर्षातून काही वेळा फादर आधीच्या रविवारी सांगतात, ‘पुढच्या रविवारचं अर्पण अमुक कारणासाठी.’ गुड फ्रायडेचं पवित्र भूमीतल्या, म्हणजे येशूच्या मुलखातल्या ख्रिस्ती लोकांसाठी. संत पेत्र आणि संत पौल यांच्या सणाच्या सुमारास, म्हणजे 29 जूनच्या आसपास, पोपमहाशयांच्या मदतकार्यासाठी. ऑक्टोबरच्या शेवटून दुसऱ्या रविवारी जगभरच्या मिशनच्या कामासाठी, हाच मिशन रविवार. ईस्टरआधीच्या उपवासकाळात कारितास इंडिया या कॅथलिक समाजसेवा संस्थेची भूक आणि आजार यांविरुद्धची मोहीम असते. कारितास इंडिया 1962 पासून काम करते आहे. घरोघरी पुठ्ठ्याच्या छोट्या पेट्या वाटतात, त्या याच काळात.

विशेष अर्पणाचा पैसा धर्मग्रामाला दुसरीकडे वापरता येत नाही. छत गळत असलं तरी नाही. 1267 व्या कलमात हे स्पष्ट आहे: ज्या हेतूने दिलं त्याच हेतूला लावायचं.

मिशन रविवारचे पैसे रोमला कशाला? आपल्याकडे गरिबी कमी आहे का?

हा प्रश्न दर ऑक्टोबरला येतो, आणि विचारणारा बहुधा हुशार असतो.

याचं मूळ एका मुलीच्या भिशीत आहे. भिशी हा शब्द माझा, पण दुसरा इतका चपखल शब्द मला सुचलेला नाही. फ्रान्समधलं लिऑन हे रेशमाचं शहर. पोलीन जारिको तिथल्या रेशीम व्यापाऱ्याची मुलगी. गिरणीत काम करणाऱ्या बायकांना तिने सांगितलं, आठवड्याला एक सू द्या. सू म्हणजे त्यांची दमडीच. दहा जणींमागे एक गोळा करणारी, अशा दहा गटांमागे आणखी एक, आणि तशीच वर चढत जाणारी साखळी. 1822 मध्ये तिथे धर्मप्रसार संस्थेची स्थापना झाली, ती या साखळीच्या जोरावर. पुढे रोमने ती आपल्या पंखाखाली घेतली, 1926 मध्ये पोप अकराव्या पायस यांनी जागतिक मिशन रविवार ठरवून दिला, आणि 2022 च्या मे महिन्यात पोलीनला ‘धन्य’, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरची, घोषित केलं गेलं. मधली दोनशे वर्षं भिशी चालूच आहे.

आता ‘रोमला का’ याचं उत्तर. जगभरची रक्कम एका ठिकाणी येते आणि मिशन प्रदेशातल्या, म्हणजे जिथली ख्रिस्तसभा अजून नवी किंवा दुबळी आहे अशा मुलखातल्या, धर्मप्रांतांना वाटली जाते. भारतातले लॅटिन विधीचे, म्हणजे पुण्यासारखे, धर्मप्रांत रोमच्या हिशोबात मिशन प्रदेशातच मोडतात. म्हणजे आपण देणारेही आहोत आणि घेणारेही. पुण्याच्या थैलीतला पैसा आफ्रिकेतल्या एखाद्या सेमिनरीला, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयाला, जातो आणि जर्मनीतल्या एखाद्या आजीचा पैसा महाराष्ट्रातल्या चॅपेलला, म्हणजे छोट्या प्रार्थनाघराला, येतो. भिशीत नंबर कुणाचाही लागो, हप्ता सगळ्यांनीच भरायचा असतो.

गरीब धर्मग्राम म्हणजे कुठला? पुण्यातही गरिबी आहेच की.

आहे. तिच्याबद्दल पुढे लिहिलंय. पण गावाकडच्या धर्मग्रामाची अडचण निराळी आहे, ती नीट समजून घ्यावी.

पुण्यातल्या मराठी कॅथलिक कुटुंबांपैकी कितीतरी जणांचं ‘गाव’ श्रीरामपूर, राहुरी, संगमनेर या पट्ट्यात आहे. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मारिया मातेच्या, यात्रेला इथून गाड्या भरून जातात. तो सगळा मुलूख 1987 पर्यंत पुणे धर्मप्रांतातच होता. त्या वर्षी नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला. गावाकडची बहुसंख्य कुटुंबं पूर्वाश्रमीच्या दलित समाजातली, भूमिहीन किंवा तुटपुंज्या जमिनीची. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती आधी हिंदूंपुरत्या ठेवल्या, 1956 मध्ये त्यात शीख आले, 1990 मध्ये बौद्ध. ख्रिस्ती बाहेरच राहिले. एकाच वाड्यातल्या दोन चुलतभावांपैकी एकाला शिष्यवृत्ती आणि दुसऱ्याला नाही, हे तिथे रोजचं आहे. ज्या घराला पिढ्यान्‌पिढ्या नोकरीचा आधार मिळाला नाही, त्या घरातून चर्चला किती येणार?

त्यात ऊसतोड. दिवाळी झाली की कोयता घेऊन जोडपी कारखान्याच्या तळावर निघून जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मागे म्हातारी माणसं आणि थोडी पोरं. नाताळची मिस्सा अर्ध्या रिकाम्या चर्चमध्ये होते. शहरात वर्षाचं सगळ्यात मोठं अर्पण नाताळचं, तिथे नेमके तेच दिवस कोरडे.

आणि अंतरं. शहरात दोन हजार माणसं एका घंटेच्या टप्प्यात राहतात. गावाकडे एका फादरांच्या वाट्याला दहा-बारा वाड्या-वस्त्या, प्रत्येक ठिकाणी दहा-पंधरा घरं. अशा एका फादरांसोबत मी एक दिवस फिरले आहे. सकाळी पहिल्या वस्तीवर शाळेच्या ओट्यावर मिस्सा, दुसऱ्या वस्तीवर आजारी बाईला तैलाभ्यंग (आजाऱ्यांसाठीचा पवित्र तेलाचा संस्कार), तिसरीकडे जाताना मोटारसायकलचं मागचं टायर बसलं. टायरला आधीच इतकी ठिगळं होती की पंक्चरवाल्याने ते फादरांना नुसतं वर करून दाखवलं. तो दिवस तिथेच संपला. त्या महिन्यात फादरांची सगळ्यात मोठी गरज कुठली होती असं कुणी विचारलं, तर मी टायर म्हणेन. टायरसाठी देणगी द्यायला मात्र कुणी पुढे येत नाही.

मग मदत कशासाठी द्यावी? चॅपेल बांधायला?

देणाऱ्याला चॅपेल आवडतं. त्यावर नावाची फरशी बसते. मी फरशीच्या विरुद्ध नाही, माणसाला तेवढी हौस असावी. पण बांधून झालेलं चॅपेल चालवायला दर महिन्याला पैसे लागतात आणि ते कुणी देत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. पेट्रोल, वीजबिल आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मास्तरांचं मानधन.

मास्तर म्हणजे कॅटेकिस्ट. फादर महिन्यातून एकदा येतात, मास्तर वस्तीतच राहतात. पोरांना प्रार्थना शिकवणं, रविवारी सगळ्यांना जमवून वाचन घेणं, मयतीला पहिलं धावून जाणं, लग्नाआधी नवरा-नवरीची शिकवणी घेणं, हे सगळं त्यांच्याकडे. मास्तर गेले आणि नवा मिळाला नाही, तर ती वस्ती हळूहळू विस्कटते.

म्हणून आमच्याकडे आम्ही हेतू न ठरवता दर महिन्याला ठरावीक रक्कम द्यायची पद्धत सुरू केली. समजा दोनशे कुटुंबांनी महिन्याला पन्नास रुपये दिले, तर महिन्याला दहा हजार आणि वर्षाला एक लाख वीस हजार होतात. चॅपेलचा कळसही एवढ्यात होणार नाही. पण पलीकडच्या फादरांना जूनमध्येच कळतं की डिसेंबरात पेट्रोलचे पैसे असतील.

मिस्सेच्या हेतूसाठी पैसे दिले, तर तेही गावाकडे जातात का?

जाऊ शकतात, आणि ही वाट फार थोड्यांना ठाऊक आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. मिस्सा विकत घेता येत नाही. आईच्या पुण्यतिथीला आपण फादरांना हेतू सांगतो, म्हणजे मिस्सा कुणासाठी करायची ते, सोबत एक रक्कम देतो. ते अर्पण असतं, किंमत नसते. रक्कम किती असावी हे त्या प्रांतातले, म्हणजे शेजारच्या काही धर्मप्रांतांचे, बिशप मिळून ठरवतात, म्हणजे कुणी मनाला येईल ते मागू नये. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्या हेतूनेही मिस्सा करावी, असं 945 वं कलम धर्मगुरूंना आवर्जून सांगतं.

आता गंमत पाहा. फादर एका दिवशी दोन-तीन मिस्सा करत असले, तरी नाताळचा अपवाद सोडल्यास एकाच मिस्सेचं अर्पण स्वतःसाठी ठेवू शकतात. बाकीचं बिशप सांगतील त्या कामाला जातं. दुसरं म्हणजे एका अर्पणाला एक मिस्सा, हा मूळ नियम. कॅम्पातल्या किंवा क्वार्टर गेटच्या मोठ्या चर्चमध्ये नोव्हेंबरात मृतांसाठी इतके हेतू येतात की वर्षभरात ते उरकणार नाहीत. देणाऱ्याची हरकत नसेल, तर असे जादा हेतू अर्पणासकट दुसऱ्या धर्मगुरूंकडे पाठवता येतात. आडगावच्या ज्या फादरांकडे महिन्यात एकही हेतू येत नाही, त्यांना त्यातून खर्चाला चार पैसे मिळतात. तुमच्या आईसाठी मिस्सा होते, तिकडे एका फादरांचा किराणा भरला जातो. हेतू लिहून देताना ‘बाहेर पाठवला तरी चालेल’ एवढं सांगितलं की झालं.

पैसे नसतील तर बाप्तिस्मा किंवा अंत्यविधी अडतो का?

नाही. अडवता कामा नये, असा ख्रिस्तसभेचा कायदाच आहे. कुठे अडवलं तर थेट बिशपांच्या कार्यालयात जा.

दशांश द्यावाच लागतो का?

कॅथलिकांना टक्का ठरवून दिलेला नाही. ख्रिस्तसभेच्या गरजेला हातभार लावणं हे कर्तव्य आहे, किती ते ज्याचं त्याने ठरवावं. बायबलच्या शुभवर्तमानातल्या गरीब विधवेने दोन टोल्या, म्हणजे दोन क्षुल्लक नाणी, टाकल्या होत्या. आमच्या टेबलावर टोल्या टाकणारे ओळखता येतात. नाणी कोमट असतात, कारण मिस्साभर मुठीत धरलेली असतात.

जुने कपडे, पुस्तकं, कॉम्प्युटर दिले तर?

आधी विचारा. मग द्या. विचारल्याशिवाय देऊ नका.

हे अनुभवाचे बोल आहेत. काही वर्षांपूर्वी आम्ही मोठ्या उत्साहाने एक टेम्पो भरला. एका ऑफिसातून निघालेले कॉम्प्युटर, इंग्रजी गोष्टींची पुस्तकं आणि गाठोडी बांधून कपडे. टेम्पोचं भाडंच एवढं झालं की आता आठवलं तरी लाज वाटते. वर्षाने मी तिथे गेले. कॉम्प्युटर खोक्यातच होते, कारण गावात दिवसा वीज येते ती शेतीपंपापुरती आणि तीही बेभरवशाची. एका मॉनिटरच्या खोक्यात मांजरीने पिल्लं घातली होती. कपड्यांमध्ये तीन वेलव्हेटचे कोट निघाले. तिथल्या सिस्टर हसून म्हणाल्या, ‘ताई, नाताळच्या नाटकाला वापरले हो. तीन राजे तुमच्याच कोटात होते.’ त्या चांगल्या स्वभावाच्या म्हणून हसल्या. मी असते तर हसले नसते. त्यांना त्या वेळी हवी होती पाण्याची टाकी.

गावाकडची मंडळी स्वतः काही देतात की नुसती घेतात?

हा प्रश्न ज्या सुरात विचारला जातो तो मला आवडत नाही, तरी उत्तर देते. सुगी झाली की मिस्सेच्या अर्पणाला पायलीभर ज्वारी येते, बाजरी येते, भुईमुगाच्या शेंगा, कोंबडी, एखाद्या वर्षी अख्खं भोपळ्याचं डोकं. पैसा नसतो, पण भिंतीला माती लिंपायला, मांडव घालायला, विहिरीतला गाळ काढायला घरटी माणूस येतो. या कामाचे पैसे धरले, तर आमच्या कितीतरी फ्लॅटवाल्यांपेक्षा त्यांचं देणं जास्त भरेल. चर्चच्या हिशोबाच्या वहीत मात्र श्रमदानाला रकाना नसतो.

परदेशातून पैसा येतोच ना? मग आम्ही कशाला?

येत होता, आणि त्याच्या भरवशावर राहणं किती धोक्याचं हे पुण्याने शंभर वर्षांपूर्वीच पाहिलं आहे. 1886 मध्ये पुणे धर्मप्रांत झाला तेव्हा इथलं काम मुख्यतः जर्मन जेझुइटांकडे, म्हणजे येशूसंघाच्या धर्मगुरूंकडे, होतं. पहिलं महायुद्ध सुरू झालं, इंग्रज सरकारने जर्मन नागरिकांना नजरकैदेत टाकलं, मग परत पाठवलं. पुण्याचे बिशप डोरिंग तेव्हा युरोपात होते, त्यांना परतता येईना. पुढे काही वर्षं ते जपानात हिरोशिमाला नेमले गेले, पुण्याला आले ते 1920 च्या दशकाच्या शेवटी. माणसं आणि पैसा, दोन्ही एकदम आटलं.

आजचं कारण वेगळं आहे. विदेशी देणग्यांच्या 2010 च्या कायद्यात, ज्याला सगळे एफसीआरए म्हणतात, 2020 मध्ये दुरुस्ती झाली. आता परदेशी देणगी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते. प्रशासनावर वीस टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करता येत नाही. आणि एका संस्थेला मिळालेली परदेशी रक्कम दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, तिचीही नोंदणी असली तरीसुद्धा. पूर्वी शहरातली मोठी संस्था निधी घेऊन खेड्यातल्या छोट्या संस्थेला पुढे द्यायची, ती वाट बंद झाली. ज्या लहान संस्थांकडे नोंदणीची यातायात करायला माणूसच नाही, त्यांच्यासाठी आता पुण्याचा रुपयाच कामाचा.

हे पैसे धर्मांतरासाठी वापरतात का?

शेजारच्या काकूंनी मला हे अगदी सरळ विचारलं होतं, आणि मला ते आवडलं. मी त्यांना वही दाखवली. पेट्रोल, मास्तर, छताचे पत्रे, पोरींच्या वसतिगृहाचा तांदूळ. मास्तर शिकवतात ते बाप्तिस्मा झालेल्या घरांतल्या पोरांना. सिस्टरांच्या दवाखान्यात रांगेत उभं राहणाऱ्याला धर्म विचारत नाहीत. विचारला, तर निम्मी रांग रिकामी होईल.

ख्रिस्ती नसलेल्यांनी देणगी दिली तर चालते?

क्वार्टर गेटचं सिटी चर्च ज्या जागेवर उभं आहे, ती सवाई माधवराव पेशव्यांनी 1792 मध्ये दिलेली. पेशव्यांच्या सैन्यात कॅथलिक शिपाई-अधिकारी होते, त्यांना प्रार्थनेला जागा हवी होती. तेव्हा हो, चालते. पुण्यात तर सुरुवातच तिथून आहे.

माझ्या देणगीवर प्राप्तिकरातली 80जीची सवलत मिळेल का?

चर्चला, चर्चच्या धार्मिक कामाला दिली असेल तर साधारणपणे नाही. एका विशिष्ट धर्मसमाजासाठीच असलेल्या संस्थांना ती सवलत लागू नसते. धर्मप्रांताच्या समाजसेवा संस्थेकडे वेगळी मान्यता असेल, तर तिथे मिळू शकते. पावती घ्या, रोख दोन हजारांवर देऊ नका, आणि तुम्ही नवी कररचना निवडली असेल तर हा विषयच सोडून द्या.

पुण्यातल्या गरिबांचं काय?

त्यासाठी बहुतेक धर्मग्रामांत संत विन्सेंट द पॉल संस्थेची शाखा असते. 1833 मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याने मित्रांसोबत ती सुरू केली. पद्धत अजून तीच: दोघांनी मिळून घरी जायचं, बसायचं, चहा घ्यायचा आणि मग ठरवायचं. सभेच्या शेवटी सभासदांमध्ये एक पिशवी फिरते. हात आत जातो, कुणी किती टाकलं ते कुणालाच कळत नाही. भाडं थकलेलं घर, डायलिसिसला जाणारा माणूस, दहावीच्या फीची नड, हे सगळं इथे पोचवा. नावं बाहेर जात नाहीत.

हिशोब विचारला तर फादरांना राग येईल का?

आला तरी विचारा. 537 व्या कलमाप्रमाणे प्रत्येक धर्मग्रामाला आर्थिक समिती असलीच पाहिजे. 1287 वं कलम म्हणतं, श्रद्धावंतांनी दिलेल्या पैशांचा हिशोब त्यांना द्यावा. शिवाय आपल्या राज्यात 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आहे. नोंदणी झालेल्या ट्रस्टचे हिशोब तपासून धर्मादाय आयुक्तांकडे जातात, आणि त्यांच्या परवानगीशिवाय जमीन विकता येत नाही.

माझं निरीक्षण असं की राग येतो तो विचारण्याच्या पद्धतीचा. मिस्सा संपल्यावर पायरीवर, दहा जणांसमोर, ‘फादर, पैसे गेले कुठे?’ असं विचारलंत तर कुणालाही राग येईल. आठवड्यात कार्यालयात जा, ‘मिशन रविवारचं किती जमलं आणि कधी पाठवलं?’ एवढंच विचारा. तारीख आणि रक्कम, दोन्ही सांगता आलं पाहिजे. एका चर्चमध्ये (आमच्या नव्हे) मला सांगण्यात आलं की पाठवायचं राहूनच गेलं, रक्कम सात महिने तशीच कपाटात होती. कुणी खाल्ली नव्हती, विसरली होती. पण विसरलेले पैसे तिकडच्या मास्तरांना दिसत नाहीत. आम्ही तेव्हापासून प्रत्येक विशेष अर्पणाची रक्कम आणि पाठवल्याची तारीख पुढच्या महिन्यात दारावरच्या फळ्यावर लावतो.

आमच्या धर्मग्रामाने एखादा गरीब धर्मग्राम दत्तक घ्यावा का?

घ्या, पण ‘दत्तक’ म्हणू नका. दत्तक मूल घेतात. तिथल्या आजीला आपण आईबाप झालेलो चालणार नाही, ती आपल्यापेक्षा आधीपासून रोजरीची जपमाळ म्हणते आहे. सोयरीक म्हणा. सोयरिकीत दोन्हीकडून येणं-जाणं असतं. एका वर्षी आपण त्यांच्या सणाला जावं, दुसऱ्या वर्षी त्यांची पोरं इथे यावीत, सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रल बघावं, आपल्याच घरी राहावं. जमल्यास बिशपांच्या कार्यालयाला कळवून करा, म्हणजे दोन धर्मग्राम एकाच गावाला आणि तिसरं गाव उपाशी असं होत नाही.

मला सुरुवात करायची आहे. कुणाला भेटू?

रविवारी मिस्सेनंतर सॅक्रिस्टीच्या (फादर मिस्सेचे कपडे घालतात त्या खोलीच्या) शेजारच्या खोलीत आम्ही मोजत बसलेलो असतो. दारावर टकटक करा आणि दोन मिनिटं थांबा, मध्येच मोजणी तुटली की पहिल्यापासून मोजावं लागतं. तुमच्या धर्मग्रामातही अशी एक खोली असेल. तिथे जी बाई नाण्यांचे मनोरे रचत असेल, तिला विचारा.